आंबोलीत व्हॉलंटियर म्हणून जाताय? या चुका टाळा (मी केल्यात सगळ्या)

जून आला की "बेडूक सर्व्हेसाठी व्हॉलंटियर हवेत" अशा पोस्ट फिरायला लागतात आणि आपण फार विचार न करता फॉर्म भरून मोकळे होतो. मीपण असाच गेलो, गमबूट नवे कोरे, उत्साह उतू चाललेला, आणि पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली.

सगळ्यात मोठी चूक शीटची. रोज रात्री ठरलेल्या वाटेवरून आठ ते दहा चालायचं आणि दिसेल ते लिहायचं एवढंच काम होतं. दोन रात्री काहीच दिसलं नाही म्हणून मी शीट कोरी ठेवली. सकाळी रिसर्चर ताईने शांतपणे विचारलं, "काल गेला नव्हतास का रे?" अगं, चिंब भिजून आलो होतो! पण कोऱ्या शीटवरून गेलो-आणि-दिसलं-नाही की गेलोच नाही, हे कुणाला कळणार? तिला तर "दिसलं नाही" हेच हवं होतं, त्याशिवाय पुढच्या वर्षी बेडूक वाढले की कमी झाले हे सांगणार कशावरून. म्हणून शून्य लिहा, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहा, पाऊस किती होता ते लिहा. आणि वाट सोडून पन्नास पावलं आत मस्त चापडा (झुडपात बसणारा विषारी साप) दिसला तर तो शीटच्या मुख्य रकान्यात घुसडू नका, खाली वेगळी नोंद करा. जेल पेन तर नेऊच नका, आंबोलीच्या पावसात अर्ध्या तासात निळं पाणी होतं. पेन्सिल.

दुसरं, पाय कुठे पडतोय ते. आंबोली टोड हा जेमतेम अंगठ्याएवढा बेडूक, २००९ साली त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालं आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसात सड्यावरच्या (म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या) जांभ्या दगडावर जी उथळ डबकी साठतात ना, त्यात अंडी घालतो. आपण फोटोच्या नादात त्याच डबक्यात पाय देतो, कळतही नाही. बूटही आधीच्या ट्रेकच्या चिखलासकट आणू नका, धुवून कडकडीत वाळवून आणा, बेडकांना मारणारी बुरशी ओल्या चिखलातून इकडून तिकडे जाऊ शकते. आणि हाताला डासांचं क्रीम चोपडून बेडूक उचलणारे महाभाग मी बघितलेत, अरे तो कातडीतून पाणी घेतो, तुमचं क्रीमपण घेणार! मुळात उचलायचाच नाही, ते काम परवानगी असलेल्या माणसाचं.

जळवांचं लोक उगाच टेन्शन घेतात. ओढून काढू नका, नख सरकवून सोडवा, रक्त थोडा वेळ वाहतं, राहू दे. खरी भीती चापड्याची. तो झुडपात बरोब्बर हाताच्या उंचीवर बसलेला असतो आणि चढावर आपण फांदीचाच आधार घेतो. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, चापड्यासाठी नाही, तेव्हा आधी टॉर्च मग हात. चावलाच तर "औषध नाहीच" म्हणून रूमवर बसून राहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

थंडी-उन्हाळ्यात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात जाणार असाल तर माकडतापाचं आधी विचारून घ्या. तो गोचिडीतून येतो. मेलेलं माकड दिसलं तर फोटो काढायलासुद्धा जवळ जाऊ नका, लांबूनच वनरक्षकांना कळवा.

लोकेशन टाकून स्टोरी लावणं बंद करा, प्लीज. दुसऱ्या दिवशी तिथे चार कॅमेरेवाले हजर असतात आणि साप काठीने उचलून "चांगल्या" फांदीवर ठेवतात.

आता कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. कार्डात हजारभर फोटो आणि प्राणी एकही नाही, असं झालं तर कॅमेऱ्याला शिव्या घालण्याआधी समोरचं गवत बघा. उन्हाने तापलेलं पातं वाऱ्याने हललं तरी सेन्सरला प्राणी वाटतो आणि फोटो निघतो, म्हणून समोरचं गवत-फांद्या साफ करा, कॅमेऱ्याचं तोंड पूर्व-पश्चिमेला नको. बॅटरी बदलली की तारीख-वेळ परत तपासा, नाहीतर भेकर रात्री आलं की दुपारी हेच कळत नाही. माझ्या पहिल्या कार्डात पंधराशे फोटो गवताचे होते आणि एक माझा, नाक फ्रेमभर, खाली तारीख १ जानेवारी. होता मे महिना.