कण मिसळलेल्या पॉलिमर द्रावणाची विस्कॉसिटी कशी मोजावी

कणांमुळे विस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा, किती वाढली हे सांगायचं, तर बिनकणांचं द्रावणही तितक्याच काटेकोरपणे मोजलेलं हवं. घोळ बहुतेक वेळा रिओमीटरवर (विस्कॉसिटी मोजण्याच्या यंत्रावर) नव्हे, बाटलीतच झालेला असतो.

२०० ग्रॅम द्रावणासाठी ४० लाख रेणुभाराचं पॉलिएथिलीन ऑक्साइड २ ग्रॅम, ग्लिसरॉल ४३.५ ग्रॅम आणि पाणी १५४.५ ग्रॅम घ्या. पाण्यात ०.२ ग्रॅम ट्वीन-२० (साबणासारखं काम करणारं रसायन) आधीच विरघळवा, म्हणजे पुढे कण नीट भिजतात. (एसडीएस, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, वापरू नका, ते या पॉलिमरच्या साखळ्यांना चिकटतं आणि द्रावणच बदलून टाकतं.) पूड थेट पाण्यात टाकली की गुठळ्या होतात : बाहेर जेलचं आवरण, आत कोरडी पूड. म्हणून ती आधी गार ग्लिसरॉलमध्ये कालवा. त्यात ती विरघळत नाही, नुसते दाणे सुटे होतात. मग पाणी ओतून बाटली रोलरवर मिनिटाला १०-२० फेऱ्यांनी २४ ते ४८ तास फिरू द्या. घाईने मॅग्नेटिक स्टरर जोरात लावला की सर्वांत लांब साखळ्या आधी तुटतात, आणि लवचीकपणा तर त्यांच्याच जिवावर असतो. द्रावण अंधारात ठेवा.

आता त्याचे दोन भाग करा. ९० ग्रॅममध्ये ४० मायक्रॉनचे पॉलिस्टायरीनचे १० ग्रॅम कण हलक्या हाताने मिसळा. कण आणि द्रावण, दोघांचीही घनता १.०५ च्या आसपास असल्याने कण तळाशी बसत नाहीत, आणि वजनाने १० टक्के म्हणजे आकारमानानेही १० टक्केच. दुसऱ्या भागालाही तेवढंच ढवळा, तेवढाच वेळ ठेवा.

रिओमीटरची कोन-प्लेट (वर बसका शंकू, खाली सपाट प्लेट) इथे चालत नाही, कारण कोनाच्या टोकाशी फट साधारण ५० मायक्रॉनचीच असते आणि कण तिथे अडकतात. ४० मिलिमीटरच्या समांतर प्लेट, १ मिलिमीटर फट, १.३ मिलिलिटर नमुना, २५ अंश सेल्सिअस. फट कणाच्या व्यासाच्या किमान १० पट हवी. इथे ती २५ पट आहे. प्लेट सावकाश खाली आणा आणि उभा दाब ओसरेपर्यंत थांबा. नमुना वाळू न देणारं ओलं झाकण विसरलात तर कडेला साय धरते आणि विस्कॉसिटी वाढत गेल्यासारखी दिसते.

शिअर रेट (द्रव किती वेगाने कातरला जातो तो दर) सेकंदाला ०.०१ पासून वाढवत न्या. कडेकडे डोळा ठेवा : लवचीक द्रावणात एका टप्प्यावर तिथे आडवी खाच पडते, नमुना बाहेर येतो आणि आकडा एकदम घसरतो. हे शिअर थिनिंग (वेगाने कातरल्यावर द्रव पातळ होणं) नव्हे. खात्रीसाठी परत कमी शिअर रेटवर या. आधीचा आकडा आला नाही, तर खाचेच्या पुढची सगळी मोजणी टाकून द्या. मग नवा नमुना घेऊन ०.६ मिलिमीटर फटीवर मोजा. विस्कॉसिटी कमी आली, तर द्रावण प्लेटवरून घसरतंय. खरखरीत प्लेट लावा.

दोन्ही वक्रांची तुलना समान शिअर रेटवर नको, समान ताणावर (कातरणाऱ्या बलाला क्षेत्रफळाने भागून येणाऱ्या आकड्यावर) करा. कणांमधल्या अरुंद जागेत द्रव जास्त वेगाने कातरला जातो, त्यामुळे तिथे तो आपोआप पातळ होतो. समान शिअर रेटवर कणांचा वाटा कमी दिसतो. कमी ताणावर आइन्स्टाइनच्या सूत्राने कणांसह आणि बिनकणांच्या विस्कॉसिटीचं गुणोत्तर १.२५ येतं, क्रीगर-डॉअर्टीच्या सूत्राने (कण जास्तीत जास्त ०.६ इतकं आकारमान व्यापू शकतात असं धरून) १.३१. १.७ आलं तर कणांचे पुंजके आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, १.१ आलं तर प्लेटवरची घसरण पुन्हा तपासा.