मोबाईलमधील छायाचित्राचा सायनोटाइप छाप

जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली सायनोटाइप ही लोहक्षारांवर आधारलेली, उन्हाच्या मदतीने निळा छाप देणारी छपाई असून, निगेटिव्ह (उलट छटांची पारदर्शक प्रत) कागदाला भिडवूनच छाप घ्यावा लागत असल्याने निगेटिव्ह छापाच्याच आकाराची लागते. ही अडचण आता इंकजेट प्रिंटर आणि पारदर्शक फिल्म यांनी दूर केली आहे, कारण मोबाईलमधील छायाचित्राची हव्या त्या आकाराची निगेटिव्ह फिल्मवर छापता येते.

विषय म्हणून पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतली उन्हातली भिंत आणि सावलीतला दरवाजा घ्यावा. छायाचित्र कृष्णधवल करून त्याचे रंग उलटवावेत आणि ते आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे करावे, म्हणजे शाईची बाजू कागदाला टेकूनही छाप सरळ येईल.

खरे कौशल्य मात्र छटा जुळवण्यात आहे. पडद्यावर वेगळ्या दिसणाऱ्या छटा या कागदावर एकमेकींत मिसळतात. म्हणून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्यांची पट्टी आधी फिल्मवर छापून तिचा सायनोटाइप छाप घ्यावा. फिल्मच्या कोऱ्या भागाखाली निळा रंग आणखी गडद होईनासा होण्यास उन्हात जो किमान वेळ लागतो, तोच कायम धरावा, आणि त्या वेळेत ज्या पायऱ्या एकरूप झाल्या असतील त्यांना कर्व्हमध्ये (छायाचित्र-संपादनातील छटा कमीजास्त करणाऱ्या रेषेत) एकमेकींपासून दूर सारावे. कंटाळवाण्या वाटणाऱ्या या चाचणीवाचून चांगला छाप लाभणे हा केवळ योगायोग असतो.

कागदावर लावायच्या प्रकाशसंवेदी द्रावणासाठी हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, प्रत्येकी १०० मिलिलिटर पाण्यात, निरनिराळ्या गडद बाटल्यांत विरघळवावे. हातमोजे घालावेत, फेरिसायनाइड तीव्र आम्लात कधीही मिसळू नये. दोन्ही द्रावणे ऐनवेळी समप्रमाणात मिसळून, मंद पिवळ्या दिव्याखाली, सुती जलरंग कागदावर ब्रशने लावावीत आणि कागद अंधारात वाळवावा. गोव्याच्या पावसाळी दमटपणात तो लवकर बिघडतो, म्हणून त्याच दिवशी वापरावा.

कागद व निगेटिव्ह काचेखाली घट्ट दाबून उन्हात ठेवावे. एप्रिलच्या दुपारी काही मिनिटांत होणारे काम आषाढातल्या ढगांखाली कितीतरी लांबते. तेव्हा चाचणी आणि छाप एकाच दिवशी, जवळपास एकाच वेळी घ्यावेत. छापातल्या गडद भागांवर करडी झाक आली की छाप साध्या पाण्यात, पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवावा. रंग हवेतल्या ऑक्सिजनमुळे दिवसभरात गडद होत जातो.

साबण किंवा धुण्याचा सोडा यांचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण अल्कधर्मी पदार्थ निळा रंग नष्ट करतात. उन्हाने फिकटलेला छाप मात्र काही काळ अंधारात ठेवल्यास बऱ्याच अंशी पूर्ववत होतो.