लघवी गळतीच्या शस्त्रक्रियेआधी मूत्राशयाची तपासणी
खोकताना किंवा वजन उचलताना लघवी गळते म्हणून शस्त्रक्रिया ठरत असेल, तर आधी सलग 3 दिवस किती पाणी-चहा घेतला, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर लघवी झाली आणि गळती कशामुळे झाली, हे वेळेसह लिहून ठेवावे. तपासणीला मूत्राशय भरलेले ठेवून जावे, कारण डॉक्टर खोकायला सांगून गळती प्रत्यक्ष पाहतात. संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण काही लपवू नये. नंतर लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरली, हे सोनोग्राफीने मोजतात. मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी प्रत्येकीला लागत नाही: अमेरिकेतील 630 स्त्रियांच्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गुंतागुंत नसलेल्या गळतीत ती न करताही शस्त्रक्रियेला तितकेच यश आले. मात्र लघवीची अनावर घाई होत असेल, पूर्वी अशी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल, तर या तपासणीविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.