विमानाची महाग सीट घ्यायची का? आधी तासांचा हिशेब मांडा

मार्च उजाडला की आमच्या घरी हमखास एक फोन येतो. नात्यातलं कुणीतरी लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला निघालेलं असतं आणि तिकिटाच्या पानावर येऊन अडलेलं असतं. यंदा काका होते. "अरे, ते प्रीमियम इकॉनॉमी का काय म्हणतात, ते घ्यावं का? माणशी ऐंशी हजार जास्त पडतायत. तुझी काकू म्हणते, ऐंशी हजारांत स्वयंपाकघराचा ओटा नवा होईल."

प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे साधी इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग. ओट्याशी तुलना केली की कुठलीही सीट हरणारच. पण काकांचे गुडघे अडुसष्ट वर्षांचे, उंची पाच फूट दहा इंच, आणि मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान म्हणजे सोळा तासांच्या आसपास बसून राहणं. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि विजेच्या बिलाच्या मागे आम्ही हिशेब मांडला. तोच इथे क्रमाने देतो. रकमा समजुतीसाठी आहेत, तुमच्या तिकिटाच्या तुम्ही घाला.

पायरी १ : फरक तासांनी भागा, आणि तोही एका बाजूचा

समजा जाऊन-येऊन इकॉनॉमी १,०५,००० रुपये, प्रीमियम इकॉनॉमी १,८५,००० आणि बिझनेस ३,४०,०००. प्रीमियमचा फरक ऐंशी हजार, म्हणजे एका बाजूला चाळीस. सोळा तासांनी भागलं की तासाला अडीच हजार. बिझनेसचा एका बाजूचा फरक १,१७,५००, म्हणजे तासाला साधारण ७,३००.

आता हाच भागाकार मुंबई-दुबईला करा. प्रवास तीन तासांचा, बिझनेसचा फरक एका बाजूला तीस हजार धरला तर तासाला दहा हजार! छोट्या प्रवासात एकूण फरक लहान दिसतो म्हणून माणूस फसतो. काकांच्या एका मित्राने दुबईला बिझनेसने जाऊन आल्यावर "फार महाग नव्हतं रे" असं सांगितलं होतं. तासाच्या हिशेबाने ते न्यूयॉर्कच्या बिझनेसपेक्षाही महाग पडलं होतं.

इथे एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचा : मी नेमकं विकत काय घेतोय, झोप की बसण्यातला आराम? काका इकॉनॉमीत तीनेक तास झोपतात, तेही मान मोडून. प्रीमियममध्ये पाच तास झोपतील असं धरू. दोन तासांची जास्तीची झोप चाळीस हजारांना, म्हणजे तासाला वीस हजार. बिझनेसमध्ये लांबच्या विमानांत बहुतेक ठिकाणी सीट पूर्ण आडवी होते. तिथे आठ तास झोप लागली तर पाच तास जास्तीचे, तासाला साडेतेवीस हजार. म्हणजे निव्वळ झोपेच्या दृष्टीने प्रीमियम काही स्वस्त नाही. प्रीमियम इकॉनॉमी हा पलंग नाही, ती चांगली खुर्ची आहे. जागेपणीचे तास सुखाचे जावेत, गुडघे दुमडून राहू नयेत, यासाठी ती घ्यायची. "आडवं पडल्याशिवाय मला झोप लागतच नाही" म्हणणाऱ्याने तिच्याकडून झोपेची आशा धरू नये.

पायरी २ : घरातच सीट मोजा

या पायरीला एक मेजरटेप आणि दोन खुर्च्या लागतात. विमान कंपन्या 'पिच' नावाचा आकडा देतात. एका सीटवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. लांबच्या विमानांत इकॉनॉमीचा पिच साधारण ३१-३२ इंच असतो, स्वस्त कंपन्यांच्या छोट्या विमानांत २८ ते ३०, आणि प्रीमियम इकॉनॉमीत ३८ च्या आसपास.

आम्ही दिवाणखान्यात जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या एकामागे एक ठेवल्या. पुढच्या पाठीपासून मागच्या पाठीपर्यंत ३१ इंच मोजले आणि काकांना मागे बसवलं. त्यांचे गुडघे पुढच्या लाकडी पाठीला थेट टेकले. मग खुर्ची सात इंच मागे सरकवली. सात इंच म्हणजे वीतभरही नाही. काकांनी पाय किंचित लांब केले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "हं, आता कळलं."

मग काकूंना बसवलं. त्या जेमतेम पाच फूट. ३१ इंचांतही त्यांच्या गुडघ्यांपुढे मोकळी जागा उरली, आणि ३८ ला तर त्या हसायलाच लागल्या. "माझे पाय मुळात जमिनीला टेकत नाहीत, मला पुढची जागा काय करायचीय?" ही तक्रार खरी आहे. बुटक्या माणसाला लांबच्या प्रवासात त्रास होतो तो पाय लोंबकळण्याचा, आणि त्याला पाय ठेवायला आधार हवा असतो, पुढे जागा नव्हे. प्रीमियमच्या बऱ्याच सीटना पाय ठेवायची पट्टी किंवा पोटऱ्यांचा आधार असतो. पायाखाली ठेवलेली छोटी बॅगही पुष्कळ काम करते. एकाच घरातल्या दोन माणसांसाठी उत्तर वेगळं येऊ शकतं, ते असं.

रुंदीही बघा. इकॉनॉमीत १७-१८ इंच, प्रीमियममध्ये साधारण १९. आणि रांगेत किती सीट आहेत तेही. बोइंग ७८७ मध्ये इकॉनॉमी ३-३-३ आणि प्रीमियम बहुतेक २-३-२ असते. जोडप्याला खिडकीकडची दोनची जोडी मिळाली की अनोळखी माणसाला ओलांडून बाथरूमला जायची वेळ येत नाही. मधुमेह असलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पायरी ३ : नावाला भुलू नका

'प्लस', 'कम्फर्ट', 'एक्स्ट्रा' अशी नावं दिसली की थांबा. युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीची 'इकॉनॉमी प्लस' ही इकॉनॉमीचीच सीट, फक्त पुढे थोडी जास्त जागा; त्यांची खरी प्रीमियम इकॉनॉमी 'प्रीमियम प्लस' नावाने मिळते. दोन्ही नावांत प्लस आहेच.

दुसरा सापळा जोडविमानाचा, म्हणजे मधे उतरून पुढे पकडायच्या विमानाचा. तिकिटावर बिझनेस लिहिलं असलं तरी युरोपातल्या युरोपात बहुतेक कंपन्यांची बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच सीट असते, मधली रिकामी ठेवतात आणि जेवण बरं देतात. हे मी पैसे मोजून शिकलो. दोन तासांच्या एका प्रवासात मोठ्या ऐटीत पुढे जाऊन बसलो, तर शेजारच्या मधल्या सीटवर कंपनीने एक छोटं टेबल बसवलेलं. त्या टेबलाचे मी चौदा हजार दिले होते. अमेरिकेतही तुमचं प्रीमियम तिकीट न्यूयॉर्कपर्यंत खरं असतं. पुढच्या देशांतर्गत विमानात बऱ्याचदा इकॉनॉमीच मिळते. म्हणून प्रत्येक टप्प्यासमोर कोणता वर्ग लिहिलाय ते वाचा, आणि हिशेबात तेवढेच तास धरा.

देशात मात्र नावं हल्ली वाढली आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'विस्तारा' या विमान कंपनीने प्रीमियम इकॉनॉमी देशांतर्गत विमानांत आणली; ती कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. त्याच महिन्यात इंडिगोने दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाने बिझनेस सुरू केली. दोन तासांच्या प्रवासाला यातलं काही घ्यावं का? माझं मत : स्वतःच्या खिशातून नाही. हजारभर रुपयांत पुढे जास्त जागा असलेली सीट मिळत असेल तर उंच माणसाने ती घ्यावी आणि विषय संपवावा.

पायरी ४ : वजाबाकी करा

फरकातून दोन गोष्टी वजा होतात. पहिली सामान. काही कंपन्या इकॉनॉमीत एक बॅग आणि प्रीमियममध्ये दोन देतात. लेकीकडे जाणाऱ्या आईची एक बॅग गोडा मसाला, मेतकूट, डिंकाचे लाडू आणि बाळंतविड्यातच भरते, त्यामुळे दुसरी बॅग लागणारच असते. ती वेगळी विकत घेण्याचा खर्च फरकातून काढा. दुसरी गोष्ट, निवडलेल्या सीटचे पैसे. इकॉनॉमीत हवी ती सीट धरायला वेगळे पैसे पडतात, प्रीमियममध्ये बऱ्याच कंपन्या घेत नाहीत.

लाउंज, म्हणजे विमानतळावरचा आरामकक्ष, मात्र वजाबाकीत धरू नका. क्रेडिट कार्डावर तो आधीच मिळत असेल तर त्याची किंमत शून्य, आणि प्रीमियम इकॉनॉमीत तो सहसा मिळतही नाही.

करही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्केच राहिला, पण प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट यांच्यावर तो १२ वरून १८ टक्के झाला. म्हणून मूळ भाड्यांची तुलना करू नका, शेवटच्या पानावरची रक्कम घ्या.

पायरी ५ : तेवढ्याच पैशात दुसरं काय येतं?

ओट्याची तुलना सोडा. त्याच प्रवासात ते पैसे कुठे जास्त कामाला येतील ते बघा. काकांना मधे एका आखाती विमानतळावर पाच तास थांबणारं तिकीट बरंच स्वस्त मिळत होतं, आणि वाचलेल्या पैशात प्रीमियम बसत होतं. मी नको म्हटलं. पहाटे तीनला परक्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणं आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहणं, याची भरपाई रुंद सीटने होत नाही. वयस्कर माणसांसाठी माझा क्रम ठरलेला आहे : आधी थेट विमान, मग बाजूला चालायची वाट असलेली म्हणजे आईलची सीट, आणि मग परवडलं तर वरचा वर्ग. व्हीलचेअरच्या मदतीसाठी वरचं तिकीट लागत नाही. बुकिंग करतानाच मागून ठेवा.

एक भीती इथेच दूर करतो. 'इकॉनॉमीत बसलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात' असं कुणीतरी काकांना सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, तरी तो सहा हजारांत एकाच्या आसपास राहतो. कारण आहे हालचाल न करणं, आणि तसं बस-गाडीतही होतं. खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्याला उठवायला लाजतो आणि तासन् तास जागचा हलत नाही. आईलची सीट इथे महागड्या वर्गाइतकीच उपयोगी पडते. हृदयाचा किंवा गुठळीचा आधीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून निघा.

इकॉनॉमीतल्याच चांगल्या सीटनाही एकेक खोट असते. आपत्कालीन दारापाशी पाय हवे तेवढे पसरतात, पण गरज पडली तर दार उघडता येईल अशा धडधाकट माणसालाच ती देतात. काकांच्या गुडघ्यांनी तो प्रश्न तिथेच निकालात काढला. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत ट्रे हातांच्या टेकूत असतो, त्यामुळे सीट अरुंद होते, आणि बाळांचे पाळणे तिथेच लागतात. दाराच्या अगदी पुढची रांग आणि सगळ्यात मागची रांग बऱ्याच विमानांत मागे झुकत नाही.

पायरी ६ : एकाच बाजूला घेता येतं

हे अनेकांना सुचतच नाही. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर जाताना एक वर्ग आणि येताना दुसरा निवडता येतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान म्हणजे आधीच अर्धी रात्र गेलेली, आणि उतरल्यावर नातवंडं झोपू देणार नाहीत. येताना घरी पोचून दोन दिवस लोळता येतं. काम असणाऱ्याचं गणित उलटंही असू शकतं. कुठल्या टोकाला ताजंतवानं पोचायचंय, ते पाहून ठरवा.

पायरी ७ : लगेच घेऊ नका, पण फार थांबूही नका

दोन वर्गांमधला फरक रोज तोच राहत नाही. मे महिन्याच्या गर्दीत इकॉनॉमीची स्वस्त तिकिटं संपली की तिचं भाडं वर चढतं आणि प्रीमियमशी अंतर कमी होतं. इकॉनॉमी काढून ठेवली असेल तर प्रवासाच्या काही दिवस आधी अपग्रेडची, म्हणजे वरच्या वर्गात जायची, ऑफर किंवा त्यासाठी बोली लावायचं आमंत्रण येऊ शकतं. बोलीची रक्कम बहुतेक ठिकाणी माणशी आणि प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यामागे वेगळी असते, आणि सामानाची मर्यादा जुनीच राहू शकते, अटी वाचा. पायरी १ मधला तासाचा दर त्या टप्प्याच्या तासांनी गुणा, तीच तुमची कमाल बोली.

आणि वरचा वर्ग घेऊनही कंपनीने तुम्हाला नाइलाजाने खाली बसवलं, तर गप्प बसू नका. फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नियम आहे : देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाचे ७५ टक्के परत, आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३०, ३,५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ टक्के.

बिल उलटून शेवटी आम्ही असं ठरवलं : जाताना दोघांना प्रीमियम, येताना इकॉनॉमीत आईल. काकूंनी यातही दुरुस्ती केली. स्वतःचं प्रीमियम त्यांनी रद्द करायला लावलं. "मी मागे बसते, तू सोळा तास घोरणार आणि मी ऐकत बसणार, त्याचे चाळीस हजार कशाला?" न्यूयॉर्कला उतरल्यावर लेकीने फोटो पाठवला. काका ताजेतवाने दिसत होते. काकूही. मागच्या रांगेत शेजारची सीट रिकामी निघाली होती आणि त्या आडव्या झोपून आल्या होत्या.