आतड्याच्या दाहविकाराची आनुवंशिक चौकशी कशी करावी

ठाण्यातील ज्या घरात एखाद्याला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकालीन दाहविकारांपैकी एकाचे निदान झाले आहे, तेथे मुलांची जनुकीय तपासणी करावी का, हा प्रश्न हमखास निघतो. निरोगी मुलांपुरते त्याचे उत्तर ‘नको’ असेच आहे. क्रोन्सशी निगडित नॉड-२ हे जनुक २००१ मध्ये ओळखले गेले आणि पुढे अशी दोनशेहून अधिक जनुकीय स्थाने सापडली, तरी बहुतेकांचा प्रभाव किरकोळ असतो. शिवाय नॉड-२ मधील जे बदल युरोपीय रुग्णांत आढळतात, ते भारतीयांत क्वचितच दिसतात. वारशाने येते ती प्रवृत्ती, म्हणजे आतड्यातील एरवी निरुपद्रवी जिवाणूंवर प्रतिकारशक्तीने उगाच तुटून पडण्याची.

म्हणून आधी घराण्याची माहिती लिहून काढावी. आई-वडील, भावंडे व मुले यांच्यापासून सुरुवात करावी आणि मग आत्या, मावशी, काका, मामांकडे वळावे. गावी फोन केल्यावर रोगाचे नाव विचारून फारसे हाती लागत नाही, कारण शौचातून रक्त जाणे मूळव्याधीच्या खाती टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याऐवजी कित्येक आठवडे चाललेले जुलाब, घटलेले वजन, भगंदर किंवा आतड्याची शस्त्रक्रिया यांविषयी विचारावे. सोरायसिस आणि अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस (पाठीच्या कण्याचा दाहक संधिविकार) यांचीही नोंद करावी, कारण प्रतिकारशक्तीतील काही बिघाड या आजारांत सामाईक असतात. घरात कोणाला क्षयरोग झाला असल्यास ते आवर्जून सांगावे. आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो आणि या विकारावर दिल्या जाणाऱ्या, टीएनएफ हे दाहकारक प्रथिन रोखणाऱ्या इंजेक्शनांमुळे सुप्त क्षय उफाळू शकतो.

जनुकीय तपासणीला दोन ठिकाणी मात्र खरा अर्थ आहे. सहा वर्षांखालील बालकाला हा विकार झाल्यास इंटरल्युकिन-१० या दाह आवरणाऱ्या प्रथिनाचा संदेश पेशीत घेणाऱ्या ग्राहकातील (रिसेप्टरमधील) दोषासारखे एकाच जनुकाचे कारण शोधावे लागते. दुसरे, अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्यापूर्वी एनयूडीटी-१५ या जनुकाची तपासणी करावी का, हे पोटविकारतज्ज्ञांना विचारावे. या जनुकातील आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळणाऱ्या बदलांमुळे नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटू शकतात. अहवाल निर्दोष आला तरी ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत.

नातेवाइकाला लक्षणे असतील, तर शौचातील कॅलप्रोटेक्टिनची (आतड्याला दाह झाल्यास वाढणाऱ्या प्रथिनाची) तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके चालू असल्यास तसे आधीच सांगावे, कारण त्यांनीही हा आकडा वाढतो.