बेलारुशियन मजकूर ओळखावा कसा, नावं लिहावीत कशी

सिरिलिक अक्षरं दिसली की आपण 'रशियन' म्हणून मोकळे होतो. बेलारुशियनवर यात सर्वांत जास्त अन्याय होतो. ती ओळखायला भाषा यावी लागत नाही, तीन-चार अक्षरं पुरतात.

आधी इंग्रजी वायसारखं अक्षर शोधा, ज्याच्या डोक्यावर आपल्या 'ॲ'सारखा चंद्र आहे. उच्चार 'गाव'च्या शेवटी येतो तसा तोकडा व. रशियन, युक्रेनियनमध्ये हे अक्षर नाही. पोलात्स्क शहरात तर २००३ साली त्याचं स्मारक उभारलं. सिरिलिकमध्ये छापलेल्या उझबेकमध्ये मात्र ते येतं, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. 'इ'साठी काय वापरलंय ते पाहा. बेलारुशियनमध्ये टिंबवाला इंग्रजी आय असतो, रशियन आणि उझबेकमध्ये उलटा एन. नुसता उलटा एन दिसला की मजकूर बेलारुशियन नाही. त्याच्यावर चंद्र असेल तर तो 'य', आणि तो बेलारुशियनमध्येही असतो. इथेच बरेच जण फसतात. आयवर दोन टिंबं असली की युक्रेनियन.

तारीख असेल तर महिना वाचा. ऑक्टोबरला बेलारुशियनमध्ये 'कास्त्रीच्निक' म्हणतात: जवसाचे देठ कुटून धागा काढताना जो भुसा पडतो, त्यावरून.

आता नावं. रशियनमध्ये 'मोलोको' (दूध) लिहून 'मलाको' म्हणतात, बेलारुशियनमध्ये लिहितानाही 'मलाको'च. म्हणूनच टेनिसपटू आरिना साबालेन्काचं आडनाव रशियन अक्षरांत 'सोबोलेन्को' होतं. रशियन रूपावरून लिप्यंतर केलं की नाव बदललंच. रशियन 'ग' इथे बहुतेक 'ह' होतो: गोमेल नव्हे होमेल, ग्रोदनो नव्हे ह्रोद्ना. मराठी 'ह' घोष असल्यामुळे तो इथे छान बसतो. रशियन मृदू 'त'च्या (किंचित 'य' मिसळल्यासारखा त) जागी 'चाक'मधल्या 'च'च्या जवळचा आवाज येतो. पण 'चि' लिहिलं की मराठी वाचक 'चिमणी'तला च वाचणार, म्हणून 'त्स' लिहा: विरोधी पक्षनेत्या तिखानोव्स्काया नव्हे, त्सिखानोव्स्काया. माणूस स्वतः रशियनमध्ये लिहीत असेल आणि तेच रूप वापरत असेल, तर ते बदलू नका.

बोलणं ऐकून निर्णय घेताना जपा. १९९५च्या सार्वमतानंतर रशियनलाही राजभाषेचा दर्जा आहे आणि शहरांत तीच जास्त कानावर पडते. दोन्हींची सरमिसळ असलेल्या बोलीला 'त्रास्यान्का' म्हणतात. मूळ अर्थ गवतात पेंढा मिसळलेला चारा.

जुन्या ग्रंथांत देशाच्या नावावरून भाषा ठरवू नका. आजचा बेलारूस ज्यात होता त्या लिथुआनियाच्या महाराज्याची १५८८ची कायदासंहिता लिथुआनियनमध्ये नाही, तर ज्या रुथेनियनला बेलारूसमध्ये जुनी बेलारुशियन म्हणतात तीत आहे. लिपीवरूनही नको: बेलारुशियन लॅटिन लिपीत छापली गेली, आणि तिथल्या तातार मुसलमानांनी ती अरबी लिपीत लिहिली.

शेवटची अडचण शुद्धलेखनाची. १९३३च्या सुधारणेआधीची पद्धत, ब्रानिस्लाव ताराश्केविच यांच्या नावावरून 'ताराश्केवित्सा', परदेशस्थ बेलारुशियनांनी टिकवली. तीत मृदुत्वाची खूण जास्त वेळा येते, म्हणून बर्फाचा शब्द चालू पद्धतीत चार अक्षरी, हिच्यात पाच अक्षरी. ही छपाईची चूक नव्हे. शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहा.