बाइकच्या गिअरचा लिव्हर बदलायला बसताय? आधी एवढं जवळ घ्या

साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात दुसरा गिअर टाकायला गेलो, तर लिव्हर नुसताच खाली गेला. आदल्या दिवशीच तर बोल्ट करकचून आवळला होता! मागे कासला निघालेल्यांचे हॉर्न सुरू. तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी रोग कुठे आहे ते बघतो.

गाडी बंद करून मेन स्टँडवर घ्या. लिव्हर ज्या दात्यांच्या दांड्यावर बसतो तो शाफ्ट; एक बोट त्याच्या टोकावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने लिव्हर वर-खाली हलवा. लिव्हर हलतोय पण शाफ्ट गप्प, तर लिव्हरच्या भोकातले दाते झिजलेत. लिव्हर आणि शाफ्टमध्ये जोडदांडी असलेली गाडी असेल, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, बऱ्याचदा दांडीच्या टोकाच्या सांध्यात असतो. उगाच लिव्हरला दोष देऊ नका. मग लिव्हरच्या तोंडाची चीर बघा. बोल्ट घट्ट आणि चिरेचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकलेले, म्हणजे आवळायला जागाच उरली नाही. माझं हेच झालं होतं. शाफ्ट सहसा लिव्हरपेक्षा कडक असतो, म्हणून आधी लिव्हर जातो. नवा आणायला जाताना जुना काढून सोबत न्या. दात्यांची संख्या आणि भोक मॉडेलप्रमाणे बदलतं, आणि दुकानदार 'हाच बसतो' म्हणाला तरी दाते मोजून घ्या.

आता सामान. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. रिंग किंवा टी-पाना असला तर उत्तम, फिक्स पान्याने बोल्टचं डोकं गोल होतं. तारेचा ब्रश, थोडं डिझेल, फडकं, गंज सोडवायचा स्प्रे, चपटा स्क्रू ड्रायव्हर, व्हाइटनर. बोल्ट आणि स्प्रिंग वायसर नवेच घ्या. शाफ्टच्या मुळाशी ऑइल ओघळलेलं दिसलं, तर ऑइल सीलही आणून ठेवा.

हातोडा मात्र लांब ठेवा. बोल्ट नुसता सैल करून लिव्हर निघत नाही, कारण बोल्ट शाफ्टच्या खाचेत अडकलेला असतो. पूर्ण बाहेर काढावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस ठोकायला लागतो आणि तो मार आतल्या भागांना बसतो. व्हाइटनरने लिव्हर आणि शाफ्टवर समोरासमोर खूण करा, चिरेत स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच फाकवा, की येतो.

कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून लिव्हर आणि शाफ्टच्या मध्ये घालायची युक्ती घरी पोचण्यापुरती ठीक. लिव्हर शाफ्टला वेल्डिंगने जोडणं नको. मागेच रबरी सील असतं, ते जळतं, आणि पुढे त्या बाजूचं कव्हर उघडायची वेळ आली की लिव्हर कापावा लागतो.

बसवताना रोजचे बूट पायात हवेत. पावसाळ्यात गमबूट घालणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण लिव्हर एक दाता वर-खाली झाला तरी बुटाचं टोक आत जात नाही. बोल्टला मनगटाचा जोर पुरे, साधारण १० न्यूटन-मीटर. मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर टाकून बघा.

पाना डिकीत टाका. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर बोल्ट एकदा तपासायचा असतो. मी यवतेश्वरच्या देवळापाशी थांबून तपासतो, तेवढाच चहा होतो.